कोण कुणाशी बांधलेलं

बालाघाट
९ जानेवारी २०२४

मधू,

तुझे तीन फोन येऊन गेलेले मोबाइलवर दिसले. उचलले नाहीत, कारण उचलून फायदा नव्हता. फोनवर तुझा आवाज पत्र्यावर गिट्टी पडल्यासारखा येतो. शब्द कळत नाहीत, मग मी नुसतं "हौ, हौ" करत राहतो आणि तू ते ओळखतेस. मेसेज करता येतो, पण अंगठ्याने मला दोन ओळींच्या वर सुचत नाही. म्हणून कागद. शिवाय काम आहे, आणि कामाचं कागदावर असलेलं बरं.

काम समितीचं. तुमच्याकडे जिला पतसंस्था म्हणतात तीच इथली साख समिती. निवृत्त होऊन मी सचिवाच्या खुर्चीत बसलो त्याला आता पावणेदोन वर्षं झाली. बाकी कर्जं लहान आहेत, शिलाई मशीन, म्हशी, दुकानाचा माल. ती कधी त्रास देत नाहीत. मोठी चार, प्रत्येकी पंचवीस लाखांची. भोजराजची खैरलांजीची राइस मिल. धर्मेंद्रचे सहा ट्रक, तिरोडीहून मँगनीज वाहतात. फकिराचं ट्रकदुरुस्तीचं गॅरेज, तिरोडीच्याच रस्त्यावर. आणि मंजूबाईची तिरोडीतली खानावळ.

कुणी बुडालं तर म्हणून तीस लाख बाजूला ठेवले आहेत. अध्यक्ष म्हणतात भरपूर झाले, पाचवं मोठं कर्ज देऊन टाकू. अकरा वर्षं तू पुण्यात हेच करतेस ना, विमा कंपनीने वाईट दिवसासाठी किती पैसे राखावेत ते सांगायचं? मग आम्हालाही सांग. तीस लाख पुरतात का?

पंधरा वर्षांच्या नोंदींच्या झेरॉक्स सोबत जोडल्या आहेत.

संध्याकाळी मोती तलावाला चक्कर मारतो. तू डाव्या बाजूने चालायचीस, ती बाजू सवयीने मोकळी राहते आणि तिथून सायकलवाले घुसतात.

तुझा
चिंतामण


पुणे
१८ जानेवारी २०२४

अहो,

पत्र ऑफिसात उघडलं. झेरॉक्सना आपल्या कपाटातल्या डांबरगोळ्यांचा वास होता. दोन मिनिटं कामच सुचेना.

नोंदी पाहिल्या. अशा मोठ्या कर्जांत वर्षाला दहातलं एक बुडतं असं धरू. आता तुमच्या अध्यक्षांना एक प्रश्न विचारा. चारही एकाच वर्षी बुडण्याची शक्यता किती? चौघांचा एकमेकांशी काहीच संबंध नसेल तर दहा हजारांत एक. पण चौघेही एकाच दोराला बांधलेले असतील, एक गेला की बाकीचे मागोमाग, तर दहांत एक. नोंदी त्याच, आकडे तेच. तरी एक उत्तर दहा हजार वर्षांतून एकदा म्हणतं आणि दुसरं दहा वर्षांतून एकदा. मधलं सगळं अंतर आपल्याला जे माहीत नाही त्याचं आहे.

प्रत्येकाचं वेगवेगळं वहीत सापडतं. कोण कुणाशी बांधलेलं आहे हे कुठल्याच वहीत नसतं. आमच्याकडेही नसतं, आम्ही अंदाज बांधतो आणि त्याला भारी नाव देतो. तुम्ही मात्र जाऊन विचारू शकता. चौघांना विचारा, तुमचं वाईट वर्ष आलं होतं तेव्हा दुसऱ्या कुणाचं आलं होतं?

आपण दोघांसाठी घ्यायचा म्हणतोय तो वारज्याचा फ्लॅट अजून आहे. मालक मार्चपर्यंत थांबतो म्हणाले. तुमचे निवृत्तीचे चौदा लाख आणि माझी शिल्लक मिळून पहिला हप्ता सुटतो. स्वयंपाकघराला पूर्वेची खिडकी आहे. १० मार्चचा रविवार मी धरून ठेवला आहे. या वेळी नक्की या.

तुमची
मधू


बालाघाट
४ फेब्रुवारी २०२४

मधू,

चौघांकडे जाऊन आलो.

धर्मेंद्र अजून माझ्या कचेरीतल्याच नावाने हाक मारतो. म्हणाला, "बडे बाबू, माल तिरोडीचा. गाडी बिघडली का फकिराकडे. दुसरीकडे मी जातच नाही."

फकिराला विचारलं तर तो हसायलाच लागला. "धर्मेंद्रच्या सहा गाड्या हाये म्हणून शटर उघडतो जी. त्या नसल्या तं म्या दिवसभर काय करू?"

मग बसने तिरोडीला गेलो. मंजूबाईने आधी जेवायला वाढलं, नंतर बोलली. मी तिच्या ओठांकडे बघतोय हे लक्षात आल्यावर ती सावकाश, तोंड उघडून बोलायला लागली. म्हणाली, "अर्धे ड्रायव्हर, अर्धे ठेक्याचे मजूर. आजवर कधी मोजलं नव्हतं. तुमी विचारलं म्हणून मोजून राह्यली."

भोजराज तेवढा वेगळा. "आपला संबंध धानाशी. खाणीशी काय लेनदेन? उलट तिकडचं काम थंड पडलं का मले ट्रक सस्ते भेटतात."

म्हणजे तिघं एका बाजूला आणि एक उलट्या बाजूला. बरोबर?

इथे थंडी अजून आहे. तुझी निळी शाल मी वापरतो, हे तुला सांगायचं नव्हतं.

चिंतामण


पुणे
१३ फेब्रुवारी २०२४

अहो,

शाल वापरा. धुऊ नका.

तुम्ही आणलेलं माझ्या संगणकात नव्हतं. आता ऐका. अध्यक्षांना वाटत असेल की सगळ्यांत वाईट म्हणजे चौघांनी एकदम बुडणं. मलाही नोकरीच्या पहिल्या वर्षी असंच वाटायचं. पण तुमचे तीस लाख एका कर्जाला पुरतात, दोनांना नाही. तेव्हा ज्या वर्षी दोन किंवा जास्त बुडतील ते तुमचं घाताचं वर्ष. चौघांचा काही संबंध नसेल तर असं वर्ष वीसांत एकदा येतं. चौघे नेहमी एकदमच बुडणारे असतील तर दहांत एकदा. पण ते जोडीने बुडणारे असतील, कधी हे दोघं, कधी ते दोघं, तर पाचांत एकदा.

कारण चौघांच्या वाट्याला यायची वाईट वर्षं तेवढीच आहेत. सगळी एकाच वर्षात उरकली तर बाकीची नऊ सुखात जातात. दोन-दोन करून वाटली गेली तर घाव जास्त वेळा बसतो, आणि प्रत्येक घाव तुमच्या तीस लाखांहून मोठा असतो.

तुमच्याकडे धर्मेंद्र आणि फकिरा ही जोडी तर उघडच आहे. दुसऱ्या जोड्या असतील, त्या अजून दिसलेल्या नाहीत. पाचवं कर्ज देऊ नका. तीसचे पन्नास होईपर्यंत कुणालाच मोठं कर्ज देऊ नका. हे माझ्या नावाने सभेत वाचून दाखवलंत तरी चालेल.

आणि आता ऑफिस बंद. १० तारखेला उतरल्यावर रिक्षा करू नका, मी स्टेशनावर येते. फ्लॅट बघू, मग कुठेतरी जेवू. दोन वर्षांत आपण समोरासमोर बसून जेवलेले दिवस मी मोजले आहेत. सांगत नाही किती ते.

मधू


बालाघाट
६ मार्च २०२४

मधू,

तुझं पत्र सभेत वाचलं. अध्यक्ष नाराज झाले, पण पाचवं कर्ज टळलं. संचालकांपैकी देवेंद्र वकील म्हणाले, वहिनींना इथेच आणून बसवा.

१० तारखेला येणं होत नाही. मार्चअखेर आहे, तपासणीवाले येणार आहेत, कागद तयार व्हायचे आहेत. शिवाय कान या आठवड्यात जास्तच गच्च झालेत, प्रवासात घोळ होईल. फ्लॅट तू एकटी बघून घे. तुला आवडला तर मला आवडलाच.

आपला वासाचा चिन्नोर तांदूळ दहा किलो, शेजारच्या संकेतबरोबर पाठवतो आहे. तो पुण्याला परीक्षेला येतो आहे.

चिंतामण


पुणे
२ एप्रिल २०२४

अहो,

तांदूळ मिळाला. पहिल्या दिवशी शिजवला तेव्हा शेजारच्या बाई वास कसला म्हणून दार वाजवून विचारून गेल्या.

फ्लॅट दुसऱ्यांनी घेतला. मी बघायला गेले नाही. दोघांसाठीच्या घरात एकटीने फिरून नळ सोडून बघायचे, हे मला जमलं नसतं.

मार्चअखेर दर वर्षी येतो. गेल्या वर्षीही हेच कारण होतं. त्याच्या आधी तुम्ही निवृत्त व्हायचे होतात. मी काही विचारणार नाही. तुमच्या मनात पुण्याला यायचंच नसेल तर तसं एका ओळीत लिहा, म्हणजे मी वाट बघायचं बंद करेन.

मधुवंती


बालाघाट
२० जुलै २०२४

मधू,

तुझ्या पत्राला साडेतीन महिने उत्तर दिलं नाही. सहा वेळा लिहायला बसलो. ती एक ओळ लिहिता येत नव्हती, कारण ती खरी नव्हती. आणि जे खरं होतं तेही लिहिता येत नव्हतं. ते आजही राहू दे. आज समितीवर वेळ आली आहे, आणि मला तुझ्याशिवाय विचारायला कुणी नाही.

तिरोडीच्या रस्त्यावर नाल्यावरचा जुना पूल आहे ना, आपण मोटारसायकल थांबवून बोरं घ्यायचो तो. त्याला तडा गेला. १ जुलैपासून जड गाड्या बंद. दुरुस्तीला अडीच-तीन महिने लागतील म्हणतात. खाण चालू आहे, माल रेल्वेने जातो, मजूर रेल्वेने येतात. फक्त ट्रक उभे. मी फेब्रुवारीत खाणीबद्दल विचारत फिरलो. पुलाबद्दल कुणाला विचारावं हे मला सुचलंच नाही, आणि त्यांनाही नाही.

धर्मेंद्रचा हप्ता चुकला. फकिराचाही चुकला. मंजूबाईचे ड्रायव्हर गेले, तरी ती मजुरांवर कशीबशी तरली आहे.

काल भोजराज स्वतःहून समितीत आला. म्हणाला, "धर्मेंद्रचे ट्रक मी लावतो. मिलचा तांदूळ गोंदियाले, नागपूरले जाते. भाडं अर्धं देईन, पण देईन." मी विचारलं, काहून? तर म्हणाला, "मिलचा पहिला माल त्याच्या बापानं उधारीवर नेलता. माझ्यापाशी तवा डिझेलचेही पैसे नव्हते." फेब्रुवारीत मी एवढं खोदून विचारलं तेव्हा यातलं एक अक्षर तो बोलला नव्हता.

यात समितीची परवानगी लागते, कारण मिल आणि ट्रक दोन्ही आमच्याकडे गहाण आहेत. हो म्हणू की नको?

चिंतामण


पुणे
२९ जुलै २०२४

अहो,

इतक्या महिन्यांनी पाकिटावर तुमचं अक्षर दिसलं. पत्र उघडायच्या आधी खुर्ची ओढून बसले.

भोजराजचं. चौघांत तो एकटा उलट्या बाजूला होता, म्हणून समितीला त्याचा आधार होता. त्याने ट्रक लावले की धर्मेंद्र वाचू शकतो. पण मग मिलला वाईट दिवस आले तर दोघेही जातील. आज नसलेली जोडी तुम्ही आपल्या हाताने बांधता आहात. नाही बांधली तर धर्मेंद्र आणि फकिरा ही आधीची जोडी बहुधा याच वर्षी जाईल. कागदावर दोन्हीकडे जवळजवळ सारखंच वजन येतं. तीनदा काढून पाहिलं. यापुढे मला काही सांगता येत नाही. माझ्या कोष्टकात डिझेलची उधारी कुठे टाकायची हे मला माहीत नाही. तुम्ही माणसं ओळखता. तुम्ही ठरवा.

आता दुसरं. तुम्ही जानेवारीत पाठवलेल्या झेरॉक्समध्ये दोन वर्षांपूर्वीचा ताळेबंद आहे. त्यात राखीव निधी सोळा लाख दाखवला आहे. पुढच्या वर्षीच्या ताळेबंदात एकदम तीस. समितीचा नफा वर्षाला दोन लाखांच्या वर कधी गेलेला नाही.

मधले चौदा लाख कुठून आले? हा आकडा माझ्या ओळखीचा आहे.

मधू


बालाघाट
७ ऑगस्ट २०२४

मधू,

हौ. ते आपले आहेत.

मी सचिव झालो त्याच वर्षी तपासणी झाली. साहेब म्हणाले, सोळा लाखांच्या निधीवर चार मोठी कर्जं चालणार नाहीत, निधी वाढवा नाहीतर व्यवहार थांबवा. चारशे बारा सभासद आहेत. तुळसाबाईंचे, आपल्या बाजूच्या, धुणीभांडी करून साठवलेले नव्वद हजार आहेत. मी माझे चौदा लाख पाच वर्षांसाठी ठेवले. लिहूनही दिलं की नुकसान आलं तर आधी माझे जातील, मग समितीचे. संचालकांना माहीत आहे, सभासदांना नाही. तुलाही नाही.

म्हणून १० मार्चला आलो नाही. फ्लॅटसमोर उभं राहून तू म्हणाली असतीस, चला, चेक लिहा.

तू समितीचा हिशेब करत होतीस तेव्हा आपलं घर त्यात बसलेलं आहे हे मला माहीत होतं आणि तुला नव्हतं. लिहायला पाहिजे होतं. आधी भीती होती तू काढून घ्यायला सांगशील. नंतर भीती होती तू काहीच म्हणणार नाहीस.

भोजराजला हो म्हटलं. परवापासून धर्मेंद्रचे चार ट्रक खैरलांजीला लागले. फकिराचं कठीण दिसतं. त्याच्या रस्त्याने आता कुणी जात नाही.

तू रागावलीस तर ते लिहून कळव. न लिहिता रागावू नकोस.

चिंतामण


पुणे
२५ ऑगस्ट २०२४

अहो,

न कळवता आले आणि तीन दिवसांत परत आले. तिथे असताना जे बोलायचं राहिलं ते लिहिते.

मी पंधरा तारखेला सकाळी अकराला दारात उभी होते. वीस मिनिटं बेल वाजवली. तुम्ही आतल्या खोलीत पाठमोरे बसून काहीतरी लिहीत होतात, खिडकीतून दिसत होतात. मी हाका मारल्या. आपल्याच दारात उभं राहून मला रडू यायला लागलं, तेव्हा तुळसाबाई आल्या. त्यांनी पदराखालून टॉर्च काढला आणि समोरच्या भिंतीवर उजेड नाचवला. तुम्ही लगेच वळलात. त्या मला म्हणाल्या, "बडे बाबूले आमी असंच बोलवतो बाई. तुमाले माहीत नाही?"

नव्हतं. कान गच्च झालेत एवढंच तुम्ही लिहायचात. मी तुमची बायको, आणि तुम्हाला हाक कशी मारायची हे मला शेजारणीकडून कळलं.

पैशाचं तिथे बोलले नाही कारण राग होता, आणि तुम्ही समोर असताना मला रागावता येत नव्हतं. तीन दिवस तुम्ही माझ्या ओठांकडे बघत होतात. लग्नाला बत्तीस वर्षं झाली, इतकं तुम्ही माझ्याकडे कधी पाहिलं नव्हतं. आता राग उरलेला नाही असं नाही. पण तुळसाबाईंचे नव्वद हजार तुमच्या मागे उभे आहेत हे कळल्यावर त्याचं काय करावं ते समजत नाही.

आणि माझंही एक आहे. नोव्हेंबरअखेर मी साठाची होते, निवृत्त व्हायची. कंपनीने जानेवारीतच आणखी दोन वर्षं थांबायला सांगितलं होतं. मी उत्तर दिलं नव्हतं. २ एप्रिलला तुम्हाला ते पत्र टाकलं आणि त्याच दुपारी मुदतवाढीवर सही केली. वाटलं, कुणासाठी थांबवायची नोकरी? तुम्ही पैशामुळे गप्प होतात, मी तुमच्या गप्प बसण्यामुळे सही केली. म्हणजे आता नोव्हेंबर २०२६.

दिवसभर मी लोकांना सांगते की दोन गोष्टी वेगळ्या दिसल्या म्हणून वेगळ्या धरू नका.

गाडी सुटताना तुम्ही फलाटावरून काहीतरी म्हणालात. काच बंद होती. काय म्हणालात?

मधू


बालाघाट
३ ऑक्टोबर २०२४

मधू,

मी म्हणालो, जाऊ नको. काच बंद होती म्हणूनच म्हणालो.

सही केलीस त्यात तुझी चूक नाही. माझ्या दोन वर्षांच्या टाळाटाळीचं ते उत्तर होतं.

इथलं सांगतो. पूल २४ सप्टेंबरला खुला झाला. धर्मेंद्र वाचला. अर्ध्या भाड्यावर दोन महिने काढले, हप्ते उशिरा पण भरले. भोजराजकडे लावलेले चार ट्रक तो आता कायमचे तिथेच ठेवणार आहे. तू म्हणतेस तशी ती नवी जोडी बांधली गेली. पुढे तिचं काय होईल ते होईल, मी वहीत दोघांची नावं एका कंसात लिहून ठेवली आहेत. मंजूबाईचा एकही हप्ता चुकला नाही.

फकिरा गेला. गॅरेज, यंत्रं, जागा सगळं विकूनही सोळा लाख बुडाले. तो आता नागपूरला दुसऱ्याच्या गॅरेजात कामाला आहे. जाण्याआधी समितीत आला, काही न बोलता बराच वेळ बसला. मला ऐकू येत नाही म्हणून गप्प आहे की बोलण्यासारखं काही नव्हतं म्हणून, कळलं नाही. मी त्याचा हात धरला. पूल पावणेतीन महिन्यांनी खुला होणार आणि तेवढ्यात एका माणसाचं वीस वर्षांचं शटर बंद होणार, यात त्याने काय चुकवलं?

परवा सर्वसाधारण सभा झाली. अध्यक्षांनी माझा कागद वाचला, आधी सचिवांचे चौदा लाख जातील, मग समितीचे दोन. सभेत कुजबुज झाली असावी, माना वळताना दिसल्या. मग मंजूबाई उभी राहिली. तिरोडीहून सकाळच्या गाडीने आली होती. माझ्याकडे तोंड करून, मला दिसेल असं सावकाश बोलली.

"कर्ज आमी घेतलं. सही आमी केली. मंग बुडाले तं बडे बाबूचे पहिले काहून? त्यायच्या घरी बाई नाही का?"

धर्मेंद्रने हात वर केला, मग भोजराजने, मग मागच्या रांगांतून. मी म्हटलं, मी लिहून दिलं आहे. तर म्हणे, सभेला बदलता येतं. शेवटी निम्मं-निम्मं ठरलं. आठ लाख समितीचे गेले, आठ आपले. आपले सहा उरलेत. ते मार्चमध्ये परत देणार आहेत. त्यांच्या जागी सभासद दरमहा थोडं थोडं घालून निधी भरणार.

आठ लाख मी घालवले, मधू. वारज्याची ती पूर्वेची खिडकी गेली. तू जे म्हणशील ते ऐकून घेईन.

चिंतामण


पुणे
२० ऑक्टोबर २०२४

अहो,

पत्र वाचून झाल्यावर साहेबांच्या केबिनमध्ये गेले. म्हटलं, मुदतवाढ मला नको, ठरल्या तारखेला सोडा. ते म्हणाले, सही झालेली आहे, आणि कारण काय? मी म्हटलं, घरी जायचं आहे. ते म्हणाले, हे कारण कागदावर कसं लिहायचं? मी म्हटलं, असंच.

पंधरा दिवसांचा पगार कापतील. ३० नोव्हेंबर शेवटचा दिवस.

खिडकीचं मनाला लावून घेऊ नका. मी ती खिडकी तुमच्यासाठी बघितली होती. मला वाटायचं तुम्हाला पुण्यात करमेल असं काहीतरी दाखवायला पाहिजे. मला स्वतःला अकरा वर्षांत इथे एकही खिडकी आठवत राहील अशी सापडलेली नाही. आठ लाख गेले याचं वाईट वाटतं, खोटं सांगणार नाही. मी आकड्यांची बाई आहे. पण "त्यायच्या घरी बाई नाही का" हे वाचलं आणि जेवणाच्या सुट्टीत ते पान पुन्हा काढून वाचलं. जिला मी कधी पाहिलेलं नाही तिने माझी आठवण केली.

२ डिसेंबरला दुपारी गोंदियाहून येणाऱ्या गाडीने पोचते. सामान फार नाही. पुस्तकं नंतर येतील.

मधू


बालाघाट
२ डिसेंबर २०२४, सकाळ

मधू,

हे पत्र पोस्टात टाकायचं नाही. पुण्याला पोचेल तेव्हा तिथे घ्यायला कुणी नसेल. तुझ्या हातात देणार आहे. समोर बोलायला गेलो तर अर्धवट सोडून देईन, म्हणून लिहितो.

चौदा लाखांचं मी तुला ऑगस्टमध्ये सांगितलं ते खोटं नव्हतं, पण पुरतंही नव्हतं. तू ते चांगल्या मनाने घेतलंस, मंजूबाईने घेतलं, सगळ्या सभेने हात वर केले.

निवृत्तीच्या आधीच्या डिसेंबरात मी तुझ्याकडे पंधरा दिवस राहिलो होतो, आठवतं? तू सकाळी ऑफिसला जायचीस. मी दिवसभर घरात. गॅसवाला येऊन बेल वाजवून परत गेला, मला कळलं नाही. तू काही बोलली नाहीस. एकदा दूध आणायला खाली गेलो. दुकानदाराने काहीतरी विचारलं, मी "हौ" म्हटलं, तो आणि बाजूचे दोघं हसले. काय विचारलं होतं ते मला आजही माहीत नाही. त्यानंतर मी खाली उतरलोच नाही, तू आणशील म्हणून थांबायचो. तेव्हाच कळलं की हे कान आता वाढत जाणार आणि पुण्यात मी तुझ्या हातातलं एक पोर होऊन बसणार. इथे प्रत्येकाला माहीत आहे माझ्याशी कसं बोलायचं.

मग तपासणी झाली, साहेब म्हणाले निधी कमी आहे. मधू, मला सुटल्यासारखं वाटलं. पैसे समितीत अडकले की फ्लॅट होणार नाही, फ्लॅट झाला नाही की मला यावं लागणार नाही, आणि हे सगळं तुळसाबाईंच्या नव्वद हजारांच्या नावावर. समिती वाचवायची होती हे खरंच. पण तेवढंच असतं तर मी तुला त्याच दिवशी लिहिलं असतं.

दोन वर्षं तू तिथे वाट बघितलीस आणि मी इथे, आणि वाट मीच अडवून ठेवली होती. मला तुझ्याजवळ यायचं होतं आणि तू मला असा बघू नयेस असंही वाटत होतं. दोन्ही एकाच वेळी.

हे वाचून तुला परत जावंसं वाटलं तर मी अडवणार नाही. थांबलीस तर मात्र यापुढे काही लपवायचं नाही, एवढं मला जमेल असं वाटतं.

साडेअकरा झालेत. तुझी गाडी गोंदियाहून निघाली असेल. शर्ट बदलतो आणि स्टेशनावर जातो. या वेळी डब्याच्या दारातच उभा राहीन.

चिंतामण